आधी बॅटरी, मग सूर्य

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवावेत का, आणि त्यांच्या जोडीला बॅटरी घ्यावी का? हा प्रश्न आता शिक्षकांच्या खोलीतही निघतो आणि बहुतेक वेळा एका दमात विचारला जातो. विक्रेत्याच्या कागदावरही दोन्हींची किंमत एकाच बेरजेत असते. आमच्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगळी आहेत, आणि ती बदलत आली आहेत. ज्या काळात बॅटरी घेणे शहाणपणाचे होते, त्या काळात पॅनेल घेणे हा निव्वळ हौसेचा मामला होता. आज बऱ्याच घरांसाठी नेमके उलटे झाले आहे. असे का झाले हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. तो एखाद्या ठरावीक जागेवरून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो.

आम्ही जागा निवडली आहे कडेगावची. मोहरमच्या उंच ताबुतांच्या भेटींसाठी हे गाव महाराष्ट्रभर माहीत आहे. पश्चिमेला कृष्णाकाठची उसाची हिरवी पट्टी, पूर्वेला खानापूर-आटपाडीचा कोरडा मुलूख, आणि मध्ये येरळा नदीचे खोरे. कडेगाव तालुका पूर्वी खानापूर तालुक्यातच होता. जिल्ह्याचे नावही बदलत गेले. आधी सातारा, १९४९ मध्ये दक्षिण सातारा आणि १९६० पासून सांगली. या भागाच्या आसपास शंभर वर्षांतली ऊर्जेची जवळजवळ सगळी रूपे पाहायला मिळतात, म्हणून ही निवड.

कंदिलाचा हिशेब

कराडजवळच्या ओगलेवाडीचे नाव जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. ओगले बंधूंनी १९१६ साली तिथे काचेचा कारखाना काढला. कंदिलाच्या काचा करता करता पुढे ते सगळा कंदीलच तयार करू लागले, आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला. त्याच सुमारास, म्हणजे १९१० पासून, जवळच्या कुंडल रोड स्टेशनापाशी लक्ष्मणराव किर्लोस्करांची किर्लोस्करवाडी उभी राहत होती. औंधसारख्या लहानशा संस्थानाच्या आश्रयाने या परिसरात असे उद्योग वाढले. पण तो विषय वेगळा.

कंदिलाकडे आपण आता हळव्या नजरेने पाहतो. वर्गात मात्र त्याचा हिशेब जरूर मांडावा. वातीचा कंदील तासाला साधारण २५ मिलिलिटर रॉकेल जाळतो असे धरू. एक लिटर रॉकेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास). म्हणजे २५ मिलिलिटरात पाव युनिट. याचा अर्थ, कंदील हे जवळजवळ २५० वॅटचे यंत्र आहे! आणि त्यातून उजेड किती मिळतो? सुमारे ५० ल्युमेन. ल्युमेन हे उजेड मोजण्याचे एकक. आजचा ९ वॅटचा एलईडी दिवा आठशे-नऊशे ल्युमेन उजेड देतो. दर वॅटमागे उजेडाची तुलना केली तर एलईडी कंदिलाच्या चारशे पटींहून पुढे जातो. गरीब घराला गरीब उजेडासाठी सर्वांत जास्त ऊर्जा जाळावी लागत होती, असे या आकड्यांचे सांगणे आहे.

सातारा जिल्ह्यातल्याच फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी या प्रश्नावर बरेच काम केले. रॉकेलवरच चालणारा, पण दाबाखाली आणि मँटलवर जळणारा ‘नूरी’ नावाचा कंदील त्यांनी तयार केला. त्याचा उजेड सुमारे १०० वॅटच्या साध्या बल्बइतका होता. वीज येईपर्यंत लोकांनी अंधारात का बसावे, हा त्यामागचा विचार आम्हाला अजूनही पटतो. पण तारा गावात आल्या, आणि कंदील माळ्यावर गेला.

कोयना : डोंगरावरची बॅटरी

मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांनी खोपोलीला जलविद्युत केंद्र सुरू केले ते १९१५ साली. आपल्या भागाला मात्र कोयनेपर्यंत थांबावे लागले. राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले आणि कोयनेची पहिली वीज १९६२ च्या मे महिन्यात आली. तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे हे आज कडेगाव तालुक्यात आहे. पुढे एकामागून एक टप्पे होत कोयनेची क्षमता सुमारे १९६० मेगावॅटपर्यंत गेली.

कोयना नदी वाहते पूर्वेकडे, कृष्णेला भेटायला. वीज करण्यासाठी तिचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्याखाली पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडतात. पडण्याची उंची सुमारे पावणेपाचशे मीटर. विद्यार्थ्यांना स्थितिज ऊर्जेचे सूत्र येत असेलच. एक हजार किलो गुणिले ९.८ गुणिले ४७५ केले तर उत्तर येते सुमारे साडेशेहेचाळीस लाख जूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. गळती आणि घर्षण वजा जाता हजार लिटर पाण्यामागे साधारण एक युनिट किंवा थोडी जास्त वीज हाती येते.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. महिन्याला शंभर युनिट वापरणारे घर रोज कोयनेचे सुमारे तीन हजार लिटर पाणी वापरते असे म्हणता येईल. आणि आज दुकानात लाखभर रुपयांना मिळणारी पाच युनिटांची बॅटरी म्हणजे शिवसागर जलाशयातले साडेचार-पाच हजार लिटर पाणी, टँकरभरही नाही. धरण हीच एक मोठी बॅटरी आहे. ती पावसाळ्यात भरते. संध्याकाळी राज्यभर दिवे लागले की काही मिनिटांत झडपा उघडून तिच्यातून वीज घेता येते. कोळशाचे केंद्र असे पटकन चालू-बंद होत नाही. मात्र या बॅटरीतून किती घ्यायचे यालाही मर्यादा आहे. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी वळवता येईल, असे कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवले. म्हणजे बॅटरी डोंगराने आणि पावसाने दिली, पण ती किती वापरायची हे नियमाने ठरले. नियमाचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

जाता जाता एक विसंगती. कोयनेचे पाणी पश्चिमेला खाली सोडून आपण वीज मिळवतो. इकडे कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी वीज खर्चून टप्प्याटप्प्याने वर चढवतो आणि कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या रानांत नेतो. दुष्काळी भागाला पाणी मिळायलाच हवे, यात वाद नाही. पण इथल्या शेतकऱ्याला विजेची किंमत शहरातल्या माणसाहून अधिक नेमकी का कळते, ते यावरून ध्यानात येईल.

तारा आल्यावर घरची साठवण कशी निरर्थक होते, याचे एक उदाहरण अमेरिकेत सापडते. चार्ल्स केटरिंग यांच्या डेटन येथील कंपनीने १९१६ मध्ये ‘डेल्को-लाइट’ नावाचा संच बाजारात आणला. एक छोटे तेलइंजिन, एक जनित्र आणि काचेच्या भांड्यांतल्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांची रांग. दाब फक्त ३२ व्होल्ट. शहरापासून दूर असलेल्या शेतघरांनी असे संच मोठ्या संख्येने घेतले, कारण तिथवर तार येण्याची चिन्हे नव्हती. १९३५ मध्ये सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी खास यंत्रणा उभी केली, तारा पोहोचल्या, आणि हे संच कोठारांत धूळ खात पडले. त्यांच्यात बिघाड झाला होता असे नाही. ज्या उणिवेवर ते उपाय होते ती उणीवच राहिली नाही.

बॅटरीचे दिवस

आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. तारा आधी आल्या आणि उणीव नंतर.

१९९० च्या दशकात महाराष्ट्रात विजेची मागणी वाढत होती, पण नवी केंद्रे त्या गतीने उभी राहत नव्हती. सारा भरवसा दाभोळवर होता. एन्रॉन कंपनीच्या त्या प्रकल्पाशी १९९३ साली करार झाला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, आणि महागड्या विजेच्या वादात मे २००१ मध्ये तो बंदही पडला. त्या वादाच्या वर्षांत दुसरीकडे भर पडली नाही. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या, तेव्हा राज्यात भारनियमन सुरूच होते. त्यानंतरच्या काही वर्षांत ऐन मागणीच्या वेळी तूट चार हजार मेगावॅटच्या आसपास जात होती. खेड्यांत दिवसाला दहा-बारा तास लाईट नसे. आज तिशी ओलांडलेल्या शिक्षकांपैकी अनेकांनी दहावीचा अभ्यास वेळापत्रक बघून केला आहे. ते वेळापत्रक शाळेचे नव्हते, भारनियमनाचे होते.

या काळात इन्व्हर्टर घरात आला. आता त्या वेळचा हिशेब करून पाहू. इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून बारा हजार रुपये, आणि संच चार वर्षे टिकला असे धरू. वर्षाला तीन हजार पडले. जागेपणी रोज चार तास लाईट जात असेल तर वर्षाला सुमारे दीड हजार तास होतात. म्हणजे अंधाराच्या एका तासाला दोन रुपये. दोन दिवे आणि एक पंखा यांसाठी हे महाग नव्हते. परीक्षेच्या वर्षी तर नाहीच.

आणि त्याच वर्षी सौर पॅनेल घेतले असते तर? २००६ च्या सुमारास पॅनेलची किंमत जगात वॅटमागे चार डॉलरच्या आसपास होती. सांगाडा, तारा, यंत्रे धरून एका किलोवॅटला अडीच लाख रुपये तरी लागले असते. एक किलोवॅट आपल्या भागात वर्षाला सुमारे १३०० युनिट देते. युनिटला तीन रुपये दर धरला तर वर्षाची बचत चार हजारही नाही. अडीच लाख फिटायला साठ वर्षांहून अधिक लागली असती, आणि पॅनेलचे आयुष्य धरतात पंचवीस वर्षे. तेव्हा ‘बॅटरी हो, पॅनेल नको’ हे उत्तर अगदी बरोबर होते.

मात्र इन्व्हर्टरबद्दल एक गोष्ट तेव्हाही फारशी बोलली जात नसे. तो वीज निर्माण करत नाही, लाईट असताना घेऊन ठेवतो. शिसे-आम्ल बॅटरीत शंभर युनिट घातले तर घरातल्या दिव्यांपर्यंत सत्तर-पंचाहत्तर पोहोचतात. बाकीची उष्णता होते. म्हणजे भारनियमन संपून लाईट आली की गावातले सगळे इन्व्हर्टर एकदम चार्ज होऊ लागत आणि वापरलेल्या विजेहून अधिक वीज मागत. प्रत्येक घरापुरता बरोबर असलेला उपाय सगळ्यांनी मिळून केला की तूट थोडी वाढवत होता.

शेतीच्या विजेचा प्रश्न इन्व्हर्टरने सुटणारा नव्हताच. पाच अश्वशक्तीची मोटार बॅटरीवर किती चालणार? तिथे वेगळा मार्ग काढला गेला. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. गावात दिवे राहिले, रानात पाळ्या आल्या. आठवड्याचे काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री. विहिरीवर रात्री पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला साप, विंचू आणि आता बिबट्या यांची भीती किती असते, हे या भागात कुणाला सांगायला नको. शेतीचे फीडरच दिवसा सौर विजेवर चालवायची योजना राज्याने २०१७ मध्ये आणली आणि २०२३ पासून ती मोठ्या प्रमाणावर घेतली, त्यामागे हे मोठे कारण आहे. पाणी दिवसा हवे आणि ऊनही दिवसा असते, तेव्हा इथे बॅटरीची गरजच पडत नाही. उपसलेले पाणी शेततळ्यात साठते, आणि पाणी साठवणे बॅटरीत वीज साठवण्याहून कितीतरी स्वस्त.

सूर्य स्वस्त कसा झाला

प्रकाश पडल्यावर विजेचा प्रवाह निर्माण होतो हे फ्रान्सच्या एदमाँ बेकरेल यांनी १८३९ मध्येच पाहिले होते. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत चेपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी केला. त्यांच्यापैकी चेपिन मुळात सूर्याच्या शोधात नव्हते. उष्ण आणि दमट प्रदेशांत टेलिफोनसाठी वापरलेल्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत होत्या. त्याला पर्याय शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. बॅटरीच्या दुखण्यातून सौरघट जन्मला, असे म्हटले तरी चालेल. तो उन्हातल्या ऊर्जेचा फक्त ६ टक्के भाग विजेत बदलत होता आणि इतका महाग होता की त्याचे पहिले खरे गिऱ्हाईक अवकाशात सापडले. १९५८ चा व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सौरघटांवर चालला.

१९७० च्या दशकाच्या मध्याला एका वॅटच्या पॅनेलची किंमत आजच्या पैशांत सुमारे शंभर डॉलर पडत होती. आज ती अर्ध्या डॉलरच्याही खूप खाली आहे. ही घसरण एखाद्या मोठ्या शोधाने झाली नाही. कारखाने मोठे होत गेले, सिलिकॉनच्या चकत्या पातळ झाल्या, वाया जाणारा माल कमी झाला. जर्मनीने २००० साली सौर विजेला ठरावीक दर देणारा कायदा केला, त्यामुळे मागणीची खात्री झाली. मग चीनमध्ये प्रचंड उत्पादन सुरू झाले. जर्मन ग्राहकाने वाढीव बिलातून भरलेल्या पैशाचा फायदा आज आपल्या छपराला होतो आहे.

पण स्वस्त पॅनेल एवढ्यानेच काम झाले नसते. घरात विजेचा वापर मुख्यतः संध्याकाळी असतो आणि पॅनेल दुपारी भर देतात. मधल्या काळात वीज ठेवायची कुठे? इथे नियम मदतीला आला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले. दुपारची जास्तीची वीज तारेत सोडायची, रात्री तारेतून घ्यायची आणि मीटरने दोन्हींची वजाबाकी करायची. या सोयीने महावितरणची तार हीच घराची बॅटरी झाली. तीही अशी, की जिला विकत घ्यावे लागत नाही आणि जिच्यात घातलेले शंभर युनिट हिशेबात शंभरच परत येतात.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये घरगुती ग्राहकाला मिळतात. हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर आहे, बॅटरीसाठी त्यात काही नाही.

आता दोन घरे घेऊ. २०२४-२५ च्या दरपत्रकात महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांना वहन आकारासह सुमारे ५.९० रुपये आणि पुढच्या २०० युनिटांना सुमारे ११.५० रुपये दर होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क.

पहिले घर महिन्याला ९० युनिट वापरते. वर्षाला १०८० युनिट. एक किलोवॅटचे पॅनेल तेवढी वीज आरामात देतात. वाचतात वर्षाला सुमारे ७,४०० रुपये. स्थिर आकार तसाच राहतो, तो पॅनेलने जात नाही, हे लक्षात ठेवावे. संचाला ६५,००० रुपये लागले आणि ३०,००० परत मिळाले, तर ३५,००० फिटायला पावणेपाच वर्षे.

दुसरे घर महिन्याला २५० युनिट वापरते. इथे महाग टप्प्यातले युनिट वाचतात. दोन किलोवॅटचा संच, वर्षाला सुमारे २६०० युनिट, बचत सत्तावीस हजारांच्या पुढे. १,३०,००० मधून ६०,००० वजा केले तर ७०,००० रुपये अडीच-पावणेतीन वर्षांत वसूल. अनुदान नसते तर पहिल्या घराला पावणेनऊ वर्षे लागली असती आणि दुसऱ्याला पाचच्या आत. म्हणजे सर्वांत जास्त फायदा ज्यांचे बिल जास्त त्यांना, आणि अनुदानाची खरी गरज कमी बिलवाल्याला. योजना आखणाऱ्यांना हे माहीत असणारच. पण ज्याच्याकडे सिमेंटचे छपरच नाही, पत्रा आहे किंवा भाड्याचे घर आहे, तो या हिशेबात येतच नाही. हा दोष आम्हाला मोठा वाटतो.

किंमती आणि दर बदलतील. आकडे आपापले घालावेत, रीत हीच. छपरावर एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, तोंड दक्षिणेला, कल अक्षांशाइतका, म्हणजे कडेगावला सुमारे १७ अंश. झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडत असेल तर हिशेब आधीच बिघडला असे समजावे.

लाईट गेली की पॅनेलही गेले

पुष्कळांना एक गोष्ट पॅनेल बसवल्यावर कळते. भर दुपारी ऊन असूनही लाईट गेली की बॅटरीशिवायचा संच बंद पडतो. तो बिघाड नसतो, तशी रचनाच केलेली असते. गावात वायरमन खांबावर चढला आहे, डीपीवरून त्याने पुरवठा बंद केला आहे, आणि कुणाच्या तरी छपरावरून त्याच तारेत वीज उलट येते आहे, अशी कल्पना करा. तो माणूस दगावेल. म्हणून तारेतला दाब नाहीसा झाला की छपरावरचा इन्व्हर्टर क्षणात स्वतःला तोडून घेतो.

तेव्हा पॅनेल बिलावर उपाय आहेत, अंधारावर नाहीत. अंधारावर उपाय बॅटरीचाच. तिचा हिशेब आपण २००६ च्या रीतीनेच करू. पाच युनिटांची लिथियमची बॅटरी आणि तिला लागणारा वेगळा इन्व्हर्टर यांचा जादा खर्च एक लाख, आयुष्य दहा वर्षे असे धरू. वर्षाला दहा हजार. नेट मीटरिंग असताना तिच्यामुळे बिल कमी होत नाही, उलट साठवण्यात दहाएक टक्के वीज जाते. मग हे दहा हजार कशाचे? अंधाराच्या तासांचे. वर्षात एकूण पन्नास तास लाईट जात असेल तर एका तासाला दोनशे रुपये पडले. दीड हजार तास जात असेल तर सात रुपयेही नाहीत.

म्हणून विक्रेत्याला काही विचारण्याआधी वही घेऊन बसावे. लाईट कधी गेली, किती वेळ गेली, तेव्हा घरात कोण जागे होते, काय अडले, हे वर्षभर लिहावे. सहावी-सातवीच्या मुलांना हे काम उत्तम जमते आणि सरासरी शिकवायला खरे आकडे मिळतात. गावठाणातल्या एखाद्या घरी या वहीतून पंचवीस हजारांचा साधा इन्व्हर्टर पुरेसा आहे असे निघेल, दुसरीकडे काहीच नको असे निघेल.

उलट उत्तर येण्याच्या जागाही आहेत. मळ्यात राहणारी कुटुंबे या भागात कमी नाहीत. त्यांची घरे शेतीच्या फीडरच्या टोकाला असतात, त्यांच्या वाट्याला दाब कमी आणि अडचणी जास्त. तिथे वही लवकर भरते. घरी प्राणवायूचे यंत्र लागणारा रुग्ण असेल तर तासाला दोनशे रुपये हा आकडाच निरर्थक ठरतो. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा नदीकाठच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी नुसती बॅटरी एका दिवसात संपते, नुसते पॅनेल बंद राहतात, आणि दोन्ही जोडून स्वतंत्र चालतील असे असतील तरच मोबाइल चालू राहतो आणि टाकीत पाणी चढते. पुराच्या गावात एका घराने असे करण्यापेक्षा ग्रामपंचायतीने किंवा उंचावरच्या शाळेने ते करावे, असे आम्ही सुचवू.

नियम बदलला तर काय होते, ते कॅलिफोर्नियात दिसले. तिथे एप्रिल २०२३ नंतर अर्ज करणाऱ्या नव्या ग्राहकांना तारेत सोडलेल्या विजेचा मोबदला पूर्वीच्या सुमारे पाव भागावर आला. तार ही फुकटची बॅटरी राहिली नाही. लगेच नव्या पॅनेलांबरोबर बॅटरी घेणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले. ऊन तेच होते, छपरेही तीच. लिथियमच्या बॅटऱ्यांची किंमतही पॅनेलच्या वाटेने चालली आहे. २०१० मध्ये एका युनिटच्या साठवणीला हजार डॉलरहून जास्त पडत होते, २०२४ मध्ये जागतिक सरासरी ११५ डॉलरच्या आसपास आली. आपल्याकडेही दिवसा वीज मुबलक आणि संध्याकाळी तुटवडा अशी स्थिती वाढते आहे. तेव्हा नेट मीटरिंगची आजची सवलत पंचवीस वर्षे अशीच राहील असे धरून कुणी हिशेब करू नये. पॅनेलचे पैसे चार-पाच वर्षांत फिटत असतील तर ती भीती फारशी नाही. नऊ-दहा वर्षे लागणार असतील तर आहे.

राहिली शाळा. तिचा वापर सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, म्हणजे पॅनेलला हवा तसाच. दिवे, पंखे, संगणक, पाण्याचा पंप, सगळे उन्हाच्या वेळेत. सूर्यघर योजनेचे अनुदान घरांसाठी असल्याने शाळेला ते मिळत नाही, पण पंचायत, जिल्हा परिषद किंवा माजी विद्यार्थी यांच्याकडून पहिला खर्च उभा राहू शकतो, आणि बॅटरी तर बहुधा लागतच नाही. अडचण एकच. कडेगावला सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. पॅनेल तेव्हा भरात असतात आणि शाळेला सुट्टी असते. म्हणून शाळेने संच घेताना नेट मीटरचा अर्ज आधी करावा. मे महिन्यातली वीज तारेत जाऊन राहील आणि जुलैच्या ढगाळ दिवसांत बिलातून वजा होईल.